छातीत एकाच जागी दुखतंय? घाबरू नका, पण अंगावरही काढू नका

अंघोळ करताना साबणाचा हात एका ठिकाणी लागतो आणि कळ येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा. मग कापूस वेचताना, डोक्यावरची पाटी उतरवताना, बाळाला पाजताना सारखं तिकडेच लक्ष जातं. घरात सांगावं तर कुणाला? एखादी म्हातारी म्हणते, "दृष्ट लागली असेल." शेजारीण म्हणते, "आमच्या मावशीला असंच झालं होतं, कॅन्सर निघाला." पहिलं ऐकून बाई घरी बसते, दुसरं ऐकून तिची झोप उडते. तपासणीला मात्र ती दोन्ही वेळा जात नाही.

स्तनात एकाच जागी दुखणं ही बायकांची अगदी नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं आणि उपायही सोपा असतो. पण काही लक्षणं अशी आहेत की ती दिसल्यावर पेरणी, लग्नसराई, मुलांची परीक्षा यातल्या कशासाठीही थांबू नये. हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

दुखतंय म्हणजे कॅन्सरच का?

नाही. गाठ नाही, त्वचेत बदल नाही, बोंडातून काही येत नाही आणि फक्त दुखतंय, अशा वेळी कॅन्सर निघण्याची शक्यता फार कमी असते.

खरा धोका उलट बाजूने आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. हाताला कडक लागते, पण त्रास काहीच नसतो. त्यामुळे "दुखत तर नाही, मग कशाला दवाखाना" असं म्हणत बाई सहा महिने, वर्ष काढते. तोवर गाठ वाढलेली असते, कधी काखेतही पसरलेली असते.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. दुखतंय म्हणून घाबरायचं नाही. आणि दुखत नाही म्हणून गाठ तशीच सोडायची नाही. थोड्या वेळा कॅन्सरची गाठ दुखतेही, त्यामुळे "दुखते म्हणजे साधीच" असंही घरी ठरवायचं नाही. गाठ दुखो वा न दुखो, ती दाखवायचीच.

पाळीच्या आधीचं दुखणं वेगळं

पाळी येण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात, हात लावला तरी दुखतं. दुखणं वरच्या बाजूला आणि काखेकडे जास्त असतं. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत उतरतं. शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, कमी-जास्त झाल्यामुळे हे होतं. तो आजार नाही.

एकाच जागी, एकाच बाजूला आणि पाळीशी संबंध नसलेलं दुखणं वेगळं. ते ओळखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. ज्या दिवशी दुखलं त्या तारखेवर फुली मारायची, पाळीच्या दिवसांवर गोल करायचा. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. ते पान डॉक्टरांना दाखवलं तर त्यांचंही काम सोपं होतं. मात्र गाठ किंवा दुसरी कोणतीही खूण असेल तर कॅलेंडर भरत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

एकाच जागी का दुखतं?

दूध साचणं आणि गळू: बाळंतिणीच्या स्तनात दूध साचलं की एक भाग दगडासारखा कडक होतो. त्यात जंतूसंसर्ग झाला की जागा लाल, गरम होते, थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी अनेक घरांत बाळाला त्या बाजूला पाजणं बंद करतात. ते चुकीचं आहे. त्या दुधाने बाळाला अपाय होत नाही आणि पाजणं अचानक बंद केलं तर दूध आणखी साचतं. बाळाला नेहमीसारखं पाजत राहावं, सुजेवर गार पाण्याची पट्टी ठेवावी, जोरजोरात चोळू नये. ताप असेल किंवा एका दिवसात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावं आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा. पू झाला असेल तर तो सुईने किंवा छोट्या छेदाने काढावा लागतो. बिब्बा, चुना किंवा चटका यांनी गळू बरं होत नाही, वरून कातडी मात्र भाजते.

पाण्याची गाठ: साधारण पस्तिशी ते पन्नाशीच्या बायकांत पाण्याने भरलेली गाठ होऊ शकते. ती अचानक फुगते आणि दुखते. सोनोग्राफीत ती लगेच ओळखू येते. त्रास जास्त असेल तर डॉक्टर सुईने पाणी काढतात.

सरकणारी गाठ: तरुण मुलींमध्ये बोटाखाली गोटीसारखी सरकणारी, गुळगुळीत गाठ होते. ती बहुतेक साधी असते आणि सहसा दुखत नाही. पण ती साधीच आहे हे तपासूनच ठरवायचं.

बरगडी आणि स्नायू: शेतात राबणाऱ्या बाईच्या बाबतीत हे कारण हमखास विचारात घ्यावं लागतं. उसाची मोळी उचलणं, पाण्याचे हंडे, दिवसभर खुरपणी, एकाच हाताने ओढायचं काम यामुळे छातीचे स्नायू ताणतात. बरगड्या मधल्या हाडाला जिथे जोडलेल्या असतात तिथेही सूज येते. दुखणं स्तनात वाटतं, पण असतं त्याच्या मागच्या बरगडीत. हात वर केला, खोकला आला, कूस बदलली की कळ वाढते. कुशीवर झोपलं की स्तन बाजूला सरकतो. तेव्हा बोटाने बरगडी दाबली आणि नेमकं तिथेच दुखलं, तर कारण बहुधा बरगडीचं असतं.

मुका मार: जनावराची ढुशी, पडझड, मोटारसायकलवरून पडणं यानंतर आतली चरबी दुखावते आणि काही आठवड्यांनी तिथे कडक गाठ लागते. ती साधी असली तरी हाताला कॅन्सरच्या गाठीसारखी लागू शकते. त्यामुळे "मार लागला होता" एवढ्यावर समाधान मानू नये, तपासून घ्यावी.

नागीण: एका बाजूला आगआग होते, कपडाही सहन होत नाही आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ, फोड येतात. नागिणीवरचं औषध फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर जास्त फायदा होतो, म्हणून लगेच जावं.

टीबी: क्वचित स्तनालाही क्षयरोग होतो. गळू पुन:पुन्हा होतं, जखम वाहत राहते, नेहमीच्या औषधाने भरत नाही. असं असेल तर डॉक्टरांकडे टीबीच्या तपासणीचा विषय काढावा. टीबी औषधाने बरा होतो.

औषधं आणि दिवस राहणं: गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनच्या गोळ्यांमुळे स्तन दुखू शकतात. दिवस राहिल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांतही दुखतात. पाळी चुकली असेल तर आधी ते तपासावं.

कधी थांबायचं, कधी निघायचं?

त्याच दिवशी दवाखान्यात जा:
• स्तन लाल, गरम, सुजलेला आहे आणि ताप आहे.
• बाळंतिणीला गाठीबरोबर थंडी-ताप आहे.
• एका बाजूला आगआग होऊन फोड आले आहेत.

१०८ ला फोन करा:
• छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय. हे हृदयाचं दुखणं असू शकतं. बायकांना हार्ट अटॅक येत नाही हा गैरसमज आहे. बायकांमध्ये कधी कधी नुसतं मळमळणं, दम लागणं, खूप थकवा एवढंच दिसतं.

आठवड्याभरात दाखवा:
• स्तनात किंवा काखेत नवी गाठ, दुखणारी असो वा न दुखणारी.
• बोंडातून आपोआप रक्त किंवा पाणी येणं, विशेषतः एकाच बाजूने.
• पूर्वी बाहेर असलेलं बोंड आत ओढलं जाणं.
• कातडीला खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी जाड होणं, न भरणारी जखम.
• बोंडावर खरूज किंवा इसबासारखं चट्टं, जे मलमाने जात नाही.
• लाली-सूज औषधाचा कोर्स पूर्ण होऊनही तशीच राहणं. कॅन्सरचा एक प्रकार अगदी गळवासारखा दिसतो, म्हणून हे विसरू नये.

दोन-तीन आठवड्यांत दाखवा:
• एकाच जागचं दुखणं पुढची पाळी येऊन गेली तरी तसंच आहे किंवा वाढतंय.
• पाळी कायमची गेल्यानंतर नव्याने दुखायला लागलंय.
• आई, बहीण किंवा मुलीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला आहे.

डॉक्टरांना नीट सांगा

गावाकडे एक गोष्ट नेहमी घडते. बाई दवाखान्यात जाते आणि लाजून म्हणते, "छातीत दुखतंय." समोर पुरुष डॉक्टर, बाकड्यावर गावातलीच माणसं. डॉक्टर छाती म्हणजे हृदय किंवा पित्त समजतात, कार्डिओग्राम काढतात किंवा ॲसिडिटीची गोळी देतात. कार्डिओग्राम चांगला येतो, बाई घरी परतते आणि गाठ जिथल्या तिथे राहते.

म्हणून सरळ सांगायचं, "डाव्या स्तनात, या जागी दुखतंय." तोंडाने बोलणं जड जात असेल तर एका बोटाने जागा दाखवायची किंवा आधीच आशाताईंना सांगून त्यांना बरोबर न्यायचं. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर नर्सला किंवा घरातल्या बाईला शेजारी उभं ठेवा, असं म्हणण्याचा प्रत्येक बाईला हक्क आहे. पडदा ओढून घ्या म्हणण्यातही काही गैर नाही.

एवढं सांगितलं तरी पुरे: कधीपासून दुखतंय, एकाच जागी की सगळीकडे, पाळीच्या आधी वाढतं का, शेवटची पाळी कधी आली, अंगावर पाजताय का, मार लागला होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला कॅन्सर झाला होता का.

तपासणी कुठे आणि कशी होते?

सुरुवात गावातल्या उपकेंद्रापासून, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरापासून करता येते. तीस वर्षांवरील महिलांची स्तनाची तपासणी तिथे करायची, असं सरकारच्या कार्यक्रमातच आहे. तोंडाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणीही त्यातच येते. पण ही तपासणी तक्रार नसलेल्यांसाठी ठरावीक वर्षांनी होते. तक्रार असेल तर तिची वाट बघायची नाही आणि तिशीही पाहायची नाही.

उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, गरज पडली तर जिल्हा रुग्णालय, असा रस्ता आहे. सोनोग्राफी कुठे होते आणि कोणत्या वारी, हे निघण्याआधी आशाताईंकडून विचारून घ्यावं. नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात.

तपासणीचे टप्पे तीन. आधी डॉक्टर हाताने दोन्ही स्तन आणि काखा तपासतात. मग फोटो. तरुण बाईची बहुधा सोनोग्राफी होते, चाळिशीपुढे मॅमोग्राफीही करतात. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबून एक्स-रे काढतात. थोडं दुखतं, पण लगेच थांबतं. संशय वाटला तर तिसरा टप्पा, सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं.

याच टप्प्यावर अनेक जणी घरी पळतात, कारण "सुई लावली की गाठ पसरते" असं ऐकलेलं असतं. सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही. गाठ नेमकी कसली आहे ते कळल्याशिवाय बरोबर उपचार ठरवता येत नाहीत. चूक होते ती दुसरीकडे. घाईघाईत एखाद्या ठिकाणी गाठ कापून काढली जाते आणि तुकडा तपासायला पाठवलाच जात नाही. म्हणून ऑपरेशनआधी विचारायचं, "सुईची तपासणी केली का?" आणि नंतर विचारायचं, "काढलेली गाठ तपासायला पाठवली का, रिपोर्ट कधी मिळेल?" रिपोर्टचा कागद जपून ठेवायचा.

हाताने केलेली तपासणी कामाची असते का?

असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्टीतल्या सुमारे दीड लाख महिलांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या महिला दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या महिलांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. मोठं मशीन नसतानाही शिकलेला हात काय करू शकतो, ते यातून दिसतं.

ग्रामीण भागातलं उदाहरण तर जवळचंच आहे. बार्शीत १९८७ पासून कॅन्सर रुग्णांची नोंदणी चालते. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांपासून सुरू झालेली ही देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. गावोगाव जाऊन लक्षणं समजावून सांगायची आणि शंका असलेल्यांना तपासणीला आणायचं, ही तिथली पद्धत.

घरीही महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, अंघोळीच्या वेळी बोटांच्या सपाट भागाने दोन्ही स्तन आणि काखा चाचपायला हरकत नाही. उद्देश एवढाच, की आपला नेहमीचा स्तन कसा लागतो ते माहीत असावं आणि बदल झाला तर लक्षात यावा. पण काही लागलं नाही म्हणून दुसरी खूण दुर्लक्षून चालणार नाही.

तपासणीत काही निघालं नाही तर?

तर तीच चांगली बातमी. "काही नाही" एवढं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितल्यावरच अनेक जणींचं दुखणं कमी होतं, कारण निम्मा त्रास भीतीचा असतो. कामाला जाताना नीट मापाची, आधार देणारी सुती ब्रा घालावी. नुसत्या ब्लाउजवर दिवसभर वाकून काम केलं की ओढ बसते. खूपच दुखलं तर पॅरासिटामॉल, किंवा डॉक्टरांना विचारून दुखऱ्या जागेवर लावायचं मलम वापरता येतं. गरोदर असाल तर न विचारता कोणतंही दुखण्याचं औषध घेऊ नका. दुकानातून रोज वेदनाशामक गोळ्या आणून खाणं बरं नव्हे, त्याने पोट आणि मूत्रपिंड बिघडतं.

आणि एकदा तपासलं म्हणजे कायमचं सुटलो, असंही नाही. नवी गाठ आली, नवी खूण दिसली तर पुन्हा जायचं.

पुरुषांनाही होतं

वयात येणाऱ्या मुलांच्या बोंडाखाली दुखरी गाठ येते. ती बहुधा काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, आपोआप जाते. पण मोठ्या माणसाच्या बोंडाखाली एका बाजूला कडक गाठ लागली किंवा रक्त आलं तर तपासून घ्यावं. स्तनाचा कॅन्सर पुरुषांना क्वचित होतो, पण होतो.

खर्चाचं काय?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कॅन्सर निघालाच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेतून ठरलेल्या रुग्णालयांत ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन मिळतं. अशा रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधायचं. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवायचं.

लवकर सापडलेला स्तनाचा कॅन्सर बरा होतो. अनेकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही, फक्त गाठ काढून पुढचे उपचार करतात. उशीर झाला की उपचार लांबतात, खर्च वाढतो, कधी जमीन गहाण पडते आणि तरी बाई हातची जाते.

घरातल्या पुरुषांनीही एक करावं. बायको, आई, बहीण, सून "तिथे दुखतंय" म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नये आणि "सुगी झाल्यावर बघू" असंही म्हणू नये. उपकेंद्रापर्यंतची एक फेरी, एवढंच काम आहे. बहुतेक वेळा तिथून ती निर्धास्त होऊन परत येईल. आणि ज्या थोड्या जणींच्या बाबतीत काही निघेल, त्यांच्यासाठी ती फेरी वेळेवर झालेली असेल.